जुन्या मोटारींची वारी

नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, नुकतें कोठें फटफटूं लागलेलें असतांना, लंडनच्या हाईड पार्कमध्यें एक विलक्षण मेळा भरतो. थंडी कडाक्याची असते. कित्येकदां पाऊसहि असतो. अशा वेळीं तेथें ३०० हून अधिक मोटारी ओळीनें उभ्या असतात, आणि त्यांपैकीं एकहि १९०४ सालानंतर बांधलेली नसते. पुष्कळ गाड्यांना टप नाहीं, समोरची कांच नाहीं. कांहींना तर हातांत धरावयाचें चाकहि नाहीं, त्याच्या जागीं होडीच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा आहे. दिवे पितळेचे, बैठक घोडागाडीसारखी उंच. कांहीं गाड्या वाफेवर चालतात, कांहीं विजेवरहि चालतात. सूर्योदय होतांच हीं म्हातारीं यंत्रें खोकत, धूर सोडीत, एकेक करून निघतात आणि सुमारें ६० मैलांवर असलेल्या समुद्रकांठच्या ब्रायटन शहराची वाट धरतात.

ही शर्यत नव्हे, असें तिची व्यवस्था पाहणारा रॉयल ऑटोमोबाईल क्लब आवर्जून सांगतो. ताशीं २० मैलांहून अधिक सरासरी वेग ठेवण्यास मनाई आहे. दुपारीं साडेचाराच्या आंत जो पोंचेल त्याला पदक मिळतें. पहिल्या आलेल्यास निराळें कांहीं मिळत नाहीं. पंढरीच्या वाटेवर आधीं कोण पोंचला हें जसें कोणी विचारीत नाहीं, पोंचला एवढेंच पाहतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच त्याला वारी म्हणावेंसें वाटतें.

ह्या वारीचें मूळ एका कायद्यांत आहे. विलायतेंत १८६५ सालीं रस्त्यावरील यांत्रिक वाहनांविषयीं जो कायदा झाला, त्याप्रमाणें अशा वाहनानें गांवाबाहेर ताशीं ४ मैल आणि गांवांत अवघे २ मैल चालावें, त्यावर निदान ३ माणसें असावींत, आणि त्यांपैकीं एकानें लाल निशाण घेऊन ६० यार्ड पुढें चालत जावें, असा निर्बंध होता. कायदा केला तो वाफेच्या अवजड इंजिनांसाठीं. पण पुढें हलक्या पेट्रोल-गाड्या आल्या त्याहि त्याच जाळ्यांत सांपडल्या. १८७८ सालीं निशाणाची सक्ति बहुतांशीं गेली, तरी पुढें चालणारा मनुष्य कायम राहिला. जर्मनींत आणि फ्रान्समध्यें मोटारी भराभर सुधारत असतां इंग्लंड मागें पडलें, ह्याला हें एक मोठें कारण होतें.

अखेर १८९६ सालीं नवा कायदा झाला आणि हलक्या वाहनांना ताशीं १४ मैलांची मोकळीक मिळाली. प्रत्यक्षांत अधिकाऱ्यांनीं ती १२ वर आणली. कायदा अमलांत आला तो दिवस १४ नोव्हेंबर. मोटारींचीं पेटंटें घेऊन कंपन्या काढणारा हॅरी लॉसन ह्यानें त्या दिवशीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक काढली. निघण्यापूर्वीं न्याहारीच्या मेजावर लॉर्ड विंचिल्सी ह्यांनीं एक लाल निशाण फाडलें. निशाणाची सक्ति तोंपर्यंत जवळजवळ उरलीच नव्हती. परंतु ज्या गोष्टीचा जाच मनाला झालेला असतो, तिचें चिन्ह फाडण्यांत मनुष्याला समाधान वाटतें, हेंहि खरें. भर पावसांत ३३ गाड्या निघाल्या आणि त्यांपैकीं १७ पोंचल्या. त्यांतलीहि एक आगगाडीनें आणून, वर चिखल फांसून, मग पुढें काढली, अशी वदंता आहे.

त्या दिवसाची आठवण म्हणून १९२७ सालीं एका वृत्तपत्रानें ही फेरी पुन्हां काढली, आणि १९३० पासून रॉयल ऑटोमोबाईल क्लबनें ती आपल्याकडे घेतली. महायुद्धाच्या वर्षांत ती बंद होती. १९४७ सालीं पेट्रोलच्या नियंत्रणामुळें बंद होती. २०२० सालीं साथीमुळें बंद राहिली. एरवीं ती दरवर्षीं निघते. १९५३ सालीं ‘जेनेव्हीव्ह’ नांवाचा एक विनोदी बोलपट निघाला. त्याची नायिका म्हणावी अशी १९०४ सालची एक डरॅक मोटार. त्या बोलपटानें ह्या फेरीचें नांव ज्यांना मोटारीचें वेड नाहीं अशांच्याहि घरांत पोंचविलें.

बाहेरून पाहणाऱ्याला ही गंमत दिसते. आंतल्या माणसाला तिच्यांतली मेहनत ठाऊक असते. अशा गाडीचा धनी पहांटेच्या अंधारांत कामाला लागतो. बटन दाबलें कीं इंजिन सुरू, हें त्या काळीं नव्हतें. हँडल मारावें लागतें. तें मारण्यापूर्वीं ठिणगीची वेळ मागें घ्यावी लागते. ती विसरली तर इंजिन उलट झटका देतें आणि मनगट मोडतें. म्हणून जाणता मनुष्य हँडल धरतांना आंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवतो, विळखा घालीत नाहीं. वाटेंत कित्येक गाड्यांना तेल हातानें पुरवावें लागतें. इंजिनाच्या आवाजावरून त्याची भूक ओळखावी लागते. ब्रेक मागच्या चाकांवर किंवा नुसत्या फिरत्या दांड्यावर असतो, त्यामुळें ओल्या रस्त्यावर उतार आला कीं काळजाचें पाणी होतें. क्रॉयडन, रेडहिल, क्रॉली हीं गांवें मागें टाकतां टाकतां चढ लागतो. एका सिलिंडरची, सहा-आठ अश्वशक्तीची गाडी तेथें दम टाकते, आणि बसलेल्यांना उतरून तिला हात द्यावा लागतो.

रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी हें ह्या दिवशींचें नेहमींचें दृश्य. पण थांबलेली गाडी एकटी राहत नाहीं. मागून येणारा थांबतो, आपली हत्यारांची पेटी उघडतो, दोघे मिळून ओणवे होतात. वारींत दिंडी चुकलेल्या म्हाताऱ्याला दुसरी दिंडी सामावून घेते, त्यांतलाच हा भाव. शेवटीं समुद्र दिसतो, ब्रायटनचा मडीरा ड्राइव्ह येतो, आणि चिखलानें माखलेला तो मनुष्य हातमोजे काढतो तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर जें दिसतें, तें पैशानें विकत मिळणारें नसतें.

मोटारशौकिनाचें वर्ष मात्र एका वारीनें संपत नाहीं. त्याला वेगाचीहि ओढ असते, आणि त्याचीं स्थानें निराळीं आहेत. १९०३ च्या कायद्यानें इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, ती १९३० पर्यंत राहिली. रस्त्यांवर शर्यती करतां येईनात. तेव्हां ह्यू लॉक किंग ह्या गृहस्थानें आपल्याच जमिनीवर ब्रुकलँड्स येथें सुमारें पावणेतीन मैलांचा सिमेंटचा वाटोळा रस्ता बांधला. वळणावर बाहेरची कड जवळजवळ ३० फूट उंच उचललेली. मोटारींच्या शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेला जगांतला हा पहिला मार्ग १९०७ सालीं खुला झाला. १९३५ सालीं जॉन कॉब ह्यानें नेपियर-रेल्टन गाडींतून तेथें ताशीं १४३.४४ मैलांच्या गतीनें एक फेरा पुरा केला, आणि तो उच्चांक कायमचाच राहिला; कारण १९३९ सालीं युद्ध आलें, ती जागा विमानांच्या कारखान्यांकडे गेली, आणि शर्यती पुन्हां झाल्याच नाहींत. आज तेथें संग्रहालय आहे, रस्त्याचे तुटके भाग आहेत, आणि खुद्द नेपियर-रेल्टनहि आहे. ती अजून चालते.

दुसरें स्थान वूस्टरशायरमधील शेल्स्ली वॉल्शची टेंकडी. अवघा १००० यार्डांचा चढ. एका वेळीं एकच गाडी सोडावयाची आणि घड्याळ लावावयाचें. १९०५ सालीं पहिल्या सभेंत सर्वांत जलद गाडीला ७७.६ सेकंद लागले; आज तोच चढ २३ सेकंदांच्या आंत चढलेला आहे. गंमत अशी कीं, टेंकडी तीच असल्यामुळें आजोबांचा वेग आणि नातवाचा वेग एकाच मापानें मोजतां येतो.

तिसरें स्थान गुडवुड. युद्धांतील विमानतळाभोंवतींच्या रस्त्यावर १९४८ सालीं तेथें शर्यती सुरू झाल्या. गाड्यांचा वेग बेसुमार वाढल्यामुळें १९६६ सालीं त्या थांबल्या. स्टर्लिंग मॉस हा नामांकित शर्यतपटु १९६२ सालीं येथेंच भयंकर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द संपली. १९९८ पासून दर सप्टेंबरांत गुडवुडला त्या जुन्या काळाचा पुनर्जन्म होतो. १९४८ ते १९६६ ह्या काळांत जशा गाड्या तेथें धावल्या, तशाच धावतात. प्रेक्षकहि त्या काळचा पोशाख करून येतात. परंतु धावणें मात्र नाटकी नसतें. गाड्या एकमेकींना घांसतात, उलटतात, मोडतात.

येथेंच ह्या हौसेच्या पोटांतला खरा प्रश्न उभा राहतो. गुडवुडला ज्या जातीच्या गाड्या धावतात त्यांत फेरारी २५० जीटीओ ही एक. अशा एकंदर ३६ गाड्या झाल्या. त्यांतली १९६२ ची एक, २०१८ सालीं अमेरिकेंत लिलावांत ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. असें धन शर्यतींत उतरविणें हा शहाणपणा कीं उन्माद? ब्रायटनच्या रस्त्यावर सव्वाशें वर्षांच्या गाडीला आजच्या मोटारींच्या गर्दींत सोडणें हें जपणें कीं उधळणें?

एका पक्षाचें म्हणणें असें: जी वस्तु पुन्हां होणें नाहीं, ती कांचेमागें ठेवावी. प्रत्येक मैलागणिक तिचें मूळ अंग झिजतें. आज एक पिस्टन बदलला, उद्यां एक चाक, परवां इंजिनाचा सांगाडा. मग शिल्लक राहिलें तें काय? मूळ धातूवर जुन्या कारागिराच्या कानशीचे ओरखडे आहेत, तोच इतिहास. तो एकदां गेला कीं गेला. हें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, कीं यंत्राचा अर्थ त्याच्या चालण्यांत आहे. सतार भिंतीला टांगून ठेविली तर ती लांकूड आणि तारा एवढीच उरते. न चालणारी गाडीहि सुखरूप राहत नाहीं: तिचें रबर वाळतें, तेल गोठतें, टाकीला गंज चढतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, गाडी थांबली कीं ती चालविण्याची विद्याहि थांबते. पितळी दिव्यांत कार्बाईडचा उजेड कसा करावा, चामड्याच्या क्लचला तेल किती चोळावें, बाजारांत न मिळणारा भाग लेथवर कसा कातून काढावा, हें पुस्तकांत थोडेंच येतें; तें हातांतून हातांत जातें. देवळाचा जीर्णोद्धार करतांना दगड बदलला तरी देऊळ तेंच राहतें, कारण पूजा चालू असते. पूजा थांबली तर जुने दगडहि नुसते दगडच.

दोन्ही बाजू ऐकल्यावर असें दिसतें, कीं ब्रायटनची वारी ह्यांतून एक मधला मार्ग दाखविते. तेथें वेगाची बढाई नाहीं, म्हणून यंत्रावर बळजबरी नाहीं. चालणें मात्र आहे. गुडवुडचा मार्ग धोक्याचा. पण धोका पत्करणारा आपल्याच मालकीच्या वस्तूचा पत्करीत असतो. दुर्मिळांतली दुर्मिळ, एकुलती एक गाडी असेल तर तिनें वर्षांतून चार मैल हळूहळू चालावें आणि परत यावें, हा विवेक कोणालाहि पटण्यासारखा आहे.

ही सारी श्रीमंतांची मौज, असा आक्षेप घेतला जातो. लिलावांतले आंकडे पाहिले तर तो खराहि वाटतो. परंतु १९३४ सालीं इंग्लंडांत व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब निघाला तो, फार पैसा नसलेल्यांनाहि मोटारीचा खेळ खेळतां यावा, ह्या हेतूनें. त्या काळीं दहा वर्षांची जुनी गाडी स्वस्त मिळे, आणि ती नव्या गाडीहून चांगली बांधलेली आहे असें ह्या मंडळींचें मत होतें. आजहि अशा मेळ्यांत लक्षाधीशाच्या शेजारीं, आपल्या शेडमध्यें वर्षानुवर्षें खपून एखादी साधी गाडी उभी करणारा गृहस्थ असतो. आणि जाणकारांची गर्दी पुष्कळदां त्याच्याच भोंवतीं जमते.

आपल्या देशांतहि ही हौस नवी नाहीं. दिल्लींत ‘स्टेट्समन’ पत्रानें १९६४ सालीं जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईंतहि अशा फेऱ्या निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना बघ्यांची दाटी होते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांप्रमाणें अशी गाडी प्रदर्शनासाठीं, संशोधनासाठीं, फेरींत भाग घेण्यासाठीं, पेट्रोल भरण्यासाठीं आणि दुरुस्तीसाठीं रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरासाठीं नाहीं. १८६५ च्या कायद्यानें मोटारीला पुढें चालणारा मनुष्य दिला होता; हा नियम तिला एक ओळख देतो आणि तिचें मूळ रूप जपण्याची जबाबदारी धन्यावर टाकतो.

विजेच्या मोटारी पुन्हां रस्त्यावर आल्या आहेत, आणि पेट्रोलच्या गाडीचे दिवस सरत जाणार असें पुष्कळांना वाटतें. हाईड पार्कच्या मेळ्यांत पेट्रोल, वाफ आणि वीज हीं तिन्ही शेजारीं शेजारीं उभीं असतात. त्या वेळीं ह्यांतलें कोण टिकणार हें कोणालाच सांगतां आलें नसतें. पुढें पेट्रोल टिकलें आणि आतां वीज परतली. ज्याला हें प्रत्यक्ष पाहावयाचें आहे त्याला कांचेमागची गाडी पुरणार नाहीं. त्यासाठीं थंडीच्या सकाळीं कोणीतरी हँडल मारलें पाहिजे, आणि तें कसें मारावें हें शेजारीं उभ्या असलेल्या मुलाला दाखविलें पाहिजे.