पडदे नसलेल्या वाद्याचा गुरू



वेण्णेकाठच्या या मेढ्यात संगीतशिक्षकांचं संमेलन भरावं आणि त्याचं अध्यक्षपद तुम्ही मला द्यावं, याचा मला मनापासून आनंद आहे. आज मी गजाने वाजणाऱ्या वाद्यांबद्दल आणि ती शिकवणाऱ्यांबद्दल बोलणार आहे.

चेलो आपल्यापैकी फार थोड्यांनी हातात घेतला असेल. ऐकला मात्र सगळ्यांनी आहे. जुन्या चित्रपटगीतांत गायकाच्या मागून येणारा तो खर्जातला भरदार आवाज बहुधा चेलोचाच. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासुदेव चक्रवर्ती चेलोवादक होते. मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. ते स्टुडिओत वाजवत आणि शिकवतही. संगीतकार प्यारेलाल त्यांचेच शिष्य.

नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांचं उदाहरण तर आवर्जून सांगण्यासारखं आहे. त्यांनी हरिप्रसाद चौरसियांकडे रागसंगीताचं शिक्षण घेतलं, चेलो मांडी घालून वाजवता येईल असा बदलून घेतला, त्याला पाचवी तार आणि तरफेच्या तारा जोडल्या. त्या दिल्लीत राहतात, मैफली करतात आणि लहान मुलांच्या संगीतशिक्षणासाठी पतीसोबत अभ्यासक्रमही चालवतात.

चेलो, व्हायोलिन, सारंगी या वाद्यांना पडदे नाहीत. पेटीवर पट्टी दाबली की स्वर मिळतो. इथे बोट केसभर सरकलं तरी गंधार बिघडतो आणि तो बिघडला हे फक्त कानच सांगतो. म्हणून हे वाद्य नुसतं पुस्तकातून किंवा वहीतून शिकवता येत नाही. गुरूने समोर बसून वाजवलंच पाहिजे. परीक्षांच्या तयारीत आपल्या वर्गांतून हेच हरवत चाललं आहे, आणि मला ते फार लागतं. विद्यार्थ्याला रागाची माहिती पाठ असते, पण आपल्या शिक्षकाचा भूप त्याने कधी ऐकलेला नसतो.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे शिकायला लांब जायची गरज नाही. औंधच्या दरबारचे गायक अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (1911–1987) गायक आणि व्हायोलिनवादक असे दोन्ही होते. वडिलांकडून ग्वाल्हेर, भूर्जीखाँकडून जयपूर, विलायत हुसेन खाँकडून आग्रा, अशी तीन घराण्यांची तालीम त्यांनी पचवली. गळ्यातली गायकी ते गजावर उतरवत. पट्टीचा मैफली कलावंत असूनही त्यांनी शिकवणं कधी दुय्यम मानलं नाही. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. मुलगा मधुकर व्हायोलिनवादक झाला. प्रत्येक शिष्याचा गळा वेगळा, त्याला झेपेल ते आणि त्याला शोभेल ते द्यायचं, ही दृष्टी त्यांच्या शिष्यांच्या गाण्यात स्पष्ट दिसते. एकाच गुरूचे असूनही कुणी कुणाची नक्कल वाटत नाही. शिक्षकाची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे: संगीतशिक्षक नेमताना त्याचं प्रमाणपत्र जरूर पाहा, पण त्याला अर्धा तास गाऊ द्या, वाजवू द्या. त्याच्या रियाजासाठी वेळापत्रकात रोजचा एक तास मोकळा ठेवा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, अंतुबुवांनी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव औंधला आजही दरवर्षी होतो. यंदा आपापले विद्यार्थी घेऊन तिथे या.