चवदार तळ्याची दहा वर्षे



महाडचा सत्याग्रह म्हटला की ओंजळभर पाण्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या ओंजळीमागे संघटनेचे केवढे कष्ट होते, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. कागद झाला, पाणी मिळाले नाही. अखेर रामचंद्र बाबाजी मोरे प्रभृती स्थानिक कार्यकर्त्यांच्या खटपटीने १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. तळे भरलेले असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले!

२० मार्चला डॉ. आंबेडकरांसह सर्वांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. लगेच, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी कंडी पिकली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. तरुणांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द उच्चारला गेला नाही. दाद कायद्याकडे मागितली गेली.

डिसेंबरच्या सत्याग्रहाची तयारी चालू असता खरा पेच पडला. ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे-जवळकर पाठिंबा द्यावयास सिद्ध होते; अट एवढीच, की ब्राह्मणांना दूर ठेवावे. मनुष्यबळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असताना असा पाठिंबा नाकारणे सोपे नसते. आंबेडकरांनी तो नाकारला. विरोध उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, कोणाच्या जन्माला नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडावयास गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण असलेले कार्यकर्ते उभे राहू शकले. त्या परिषदेच्या मंडपाला मात्र एकाही हिंदूने जागा दिली नाही. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. हिंदू समाजाने हे विसरू नये.

सर्वांत अवघड क्षण यानंतरचा. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. गाठोडी बांधून, तुरुंगात जाण्याच्या तयारीने हजारो माणसे आलेली. त्यांचा कौलही सत्याग्रहाकडेच होता. सनातनी आणि सरकार या दोघांशी एकाच वेळी झुंजण्याचे आपले बळ नाही, हे त्या तापलेल्या जमावाला पटवून देणे, हे काम लाठ्या सोसण्याहून कठीण. ते पटले. मिरवणूक शिस्तीने तळ्याला वळसा घालून परतली.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची चाल अनादी काळापासूनची असल्याचे सवर्ण पक्षाला सिद्ध करता आले नव्हते.