शमीवरची शस्त्रं आणि कृमीची जनुकं

म्हैसूरच्या बन्नीमंटपात बोलायचं, तर सुरुवात झाडापासूनच करायला हवी. कन्नडमध्ये ‘बन्नी’ म्हणजे शमी. दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून इथवर येते, ती शमीपूजनाच्या परंपरेमुळे. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर बांधून ठेवली, ही कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी शस्त्रं टाकून दिली नव्हती, वेळ येईपर्यंत झाकून ठेवली होती. आपल्या पेशीसुद्धा जनुकांचं असंच करतात. परजीवी चपटे कृमी हे कसं साधतात, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

विषय आपल्यापासून दूरचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार शिस्टोसोमा नावाच्या चपट्या कृमीमुळे होतो, असं गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवलं. या कृमीचा जीवनक्रम बघा. अंडं गोड्या पाण्यात फुटतं. अळी गोगलगाईत शिरते. तिथून शेपटीवाली दुसरीच अळी बाहेर पडते, माणसाच्या कातडीतून आत घुसते, शेपूट टाकते आणि रक्तवाहिन्यांत वाढते. रूपं इतकी वेगळी, पण डीएनए एकच!

मादीची गोष्ट तर आणखी नवलाची. नराची सोबत नसेल, तर तिचा अंडाशय पिकतच नाही. नर एक छोटंसं रसायन सोडतो आणि त्यावर मादीची वाढ अवलंबून असते, हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं. गिमवीच्या कृमीचा भाऊबंद शिस्टोसोमा मॅन्सोनी. त्याची मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते. यकृतात आणि आतड्यांत अडकलेली अंडीच खरा आजार घडवतात. म्हणून अंड्यांची जनुकं कोण उघडतं, हा प्रश्न थेट रोग्यापर्यंत पोचतो.

माणसात जनुक बंद ठेवण्याची एक रीत म्हणजे मेथिलेशन. डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षरावर मेथिल नावाची छोटी खूण चिकटते. कृमीतही असंच असेल का? वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या गटाने २०११ मध्ये सांगितलं, होय. ॲझासायटिडीन हे मेथिलेशन रोखणारं औषध दिलं, तर अंडी घालणं बिघडतं. मग २०१३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने संपूर्ण जीनोम तपासून सांगितलं, ठरावीक नक्षी कुठेच नाही.

मग भांडण कशावरून? तपासणीची पद्धत कापड धुण्यासारखी आहे. रसायनाने धुतल्यावर साधं सायटोसिन बदलतं, मेथिलवालं टिकतं. म्हणजे कच्चा रंग जातो, पक्का राहतो. पण धुणंच अर्धवट झालं, तर कच्चा रंगही पक्का वाटतो. हायडेलबर्गचं म्हणणं नेमकं हेच होतं. शिवाय या कृमीकडे त्या कुळातलं डीएनएमटी-२ हे एकच विकर आहे, आणि त्याचं नेहमीचं काम डीएनएवर नव्हे, तर टी-आरएनएवर चालतं.

तरीही अंडी बिघडतात, हे खरंच. २०१८ मध्ये वेल्सच्याच गटाने दाखवलं, की ॲझासायटिडीनमुळे जनुकांचं वाचन, प्रथिनं बनवणं आणि मूळपेशींचं काम, सगळंच विस्कटतं. परिणाम खरा, पण त्यावरून कुलूप मेथिलेशनचंच आहे, असं सिद्ध होत नाही.

दुसरं कुलूप मात्र ठळक दिसतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शेपटीवाल्या अळीत पुष्कळ जनुकांच्या तोंडाशी हिस्टोनवर ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन्ही खुणा एकाच वेळी आढळल्या आहेत. शस्त्र बांधलेलं, पण हाताच्या अंतरावर!

हे सगळं का महत्त्वाचं? जगात सुमारे २५ कोटी लोकांना या आजारावर उपचारांची गरज आहे आणि हाताशी मुख्य औषध एकच, प्राझिक्वांटेल. ते प्रौढ कृमी मारतं, कोवळ्यांवर फारसं चालत नाही, पुन्हा लागण होण्यापासून वाचवतही नाही. पुढचं औषध शोधताना आपण चुकीच्या कुलपासाठी किल्ली घडवत बसलो, तर वर्षं वाया जातील. म्हणून विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे: औषधाने परिणाम झाला, की आनंद जरूर माना. पण तो कशामुळे झाला, हे विचारल्याशिवाय वही मिटू नका.