मधल्या इयत्तांचे शिक्षण : एका कॅथलिक शाळेतून पाहिलेले

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या शाळेत मी पहिले अक्षर गिरवले, त्या शाळेच्या हीरक महोत्सवात बोलावयास मिळणे हा मी माझा सन्मान समजते. मी या शाळेची विद्यार्थिनी. परंतु माझ्या नोकरीची ३१ वर्षे आपल्याच बडोद्यातील एका कॅथलिक शाळेत, सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवण्यात गेली. त्या शाळेत मधल्या इयत्तांना काय शिकवतात आणि कसे शिकवतात, हे मी सांगावे अशी संयोजकांची इच्छा आहे.

मराठी शाळेच्या उत्सवात हा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. पण कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाचवी झाली की आपल्या शाळेतील कितीतरी मुले दाखला काढतात आणि अशाच एखाद्या शाळेची वाट धरतात. मधल्या इयत्तांचे माध्यम आता इंग्रजी करावे, असा विचार आपल्या संस्थेतही मांडला जात आहे. तो निर्णय होण्यापूर्वी, आपण ज्यांचे अनुकरण करू पाहतो त्यांच्याकडे खरोखर काय आहे, हे नीट पाहून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

आरंभी एक गोष्ट लक्षात आणून देते. कॅथलिक शाळा आणि आपली शाळा या कायद्याच्या दृष्टीने शेजारी आहेत. धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे. ख्रिस्ती शाळा तो धर्माच्या आधारे सांगते, गुजरातेतील मराठी शाळा भाषेच्या आधारे. म्हणून मला नेहमी असे वाटते की, ज्या वैशिष्ट्यासाठी हा हक्क मिळाला ते वैशिष्ट्य त्या शाळांनी कसे सांभाळले, हे आपण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता अभ्यासक्रमाविषयी. अनेक पालकांची समजूत असते की, तेथे काही निराळाच अभ्यासक्रम असावा. तसे नाही. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, भाषा यांची चौकट राज्याच्या मंडळाची. अपूर्णांक तेच, प्रकाशाचे परावर्तन तेच, दिल्लीचे सुलतानही तेच. वेळापत्रकात वेगळा दिसणारा तास एकच, धर्मशिक्षणाचा. त्या तासाला कॅथलिक मुले एका वर्गात जातात आणि आपल्या धर्माचा पाठ घेतात. बाकी सर्व मुलांना नीतिशिक्षण असते. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही, पाल्य अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास बसण्याची सक्ती करता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. माझ्या ३१ वर्षांत ती मर्यादा ओलांडलेली मी पाहिली नाही. आमच्या वर्गांत बहुसंख्य मुले हिंदू, जैन व मुसलमान घरांतली होती.

मग फरक कोठे होता? तो विषयांत नव्हता, पद्धतीत होता. आणि ती पद्धत फार जुनी आहे. जेझुइट संघाने आपली पहिली शाळा १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे काढली. अर्धशतकाच्या अनुभवानंतर, १५९९ साली, त्यांनी आपल्या सर्व शाळांसाठी एक शिक्षणसंहिता ठरवली. 'रात्सिओ स्तुदिओरम' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात खालच्या शाळेच्या पाच पायऱ्या होत्या : व्याकरणाच्या तीन, त्यानंतर साहित्याची एक आणि शेवटी वक्तृत्वाची एक. आज आपण ज्याला मधल्या इयत्ता म्हणतो, त्या वयाची मुले साधारणपणे याच पायऱ्यांवर असत. नवा पाठ मुलांना घरी वाचून आणायला सांगण्यापूर्वी शिक्षकाने तो वर्गात वाचून उलगडून दाखवावा, हा एक नियम. काल शिकवलेले आज पुन्हा विचारावे आणि आठवड्याचे सारे शनिवारी पुन्हा घ्यावे, हा दुसरा. पाठांतर ऐकण्यासाठी मुलांच्या लहान गटांवर त्यांच्यातलाच एक विद्यार्थी नेमावा, हा तिसरा. आणि या शाळांत शुल्क घेतले जात नसे, हेही आजच्या काळात आवर्जून सांगितले पाहिजे.

आमची शाळा जेझुइटांची नव्हती, सिस्टरांची होती. तरी या पद्धतीची छाया तेथे स्पष्ट दिसे. सहावीपासून प्रत्येक मुलाने सोमवारी एका पानाचे स्वतःचे लेखन द्यायचे आणि शुक्रवारपर्यंत ते तपासून परत मिळायचे. पन्नास वह्या, दर आठवड्याला. भाषेच्या शिक्षिका त्या वह्या घरी नेत, आणि कोणत्याही सणासुदीत तो नेम चुकला नाही. शनिवारचे पहिले दोन तास उजळणीचे. त्यात नवीन काही शिकवायचे नाही, असा दंडक होता. वर्गशिक्षिकेकडे प्रत्येक मुलाचे एक टिपण असे : कोण डबा आणत नाही, कोणाचे वडील आजारी आहेत, कोण अलीकडे गप्प झाला आहे. आठवीची मुले महिन्यातून एकदा जवळच्या वस्तीतील लहान मुलांचा अभ्यास घ्यायला जात. पालकांना बाहेरून दिसे ती मुलांची शिस्त आणि त्यांचे इंग्रजी. त्यामागे उभ्या असलेल्या या चार गोष्टी कोणाला दिसत नसत.

नीतिशिक्षणाच्या तासाविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण तेथे मला एक धडा मिळाला. कित्येक वर्षे तो तास मी घेत असे. दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर काय कराल, असा प्रश्न मी एकदा सातवीत विचारला. एक मुलगी उठून म्हणाली, "दुकान मोठे असेल तर ठेवीन, भाजीवाली असेल तर परत देईन." वर्ग हसला आणि मग त्यावर तासभर वाद झाला. लबाडी समोरच्याच्या श्रीमंतीवर ठरते काय, हा प्रश्न मुलांनी स्वतःच उभा केला होता. पुढे काही वर्षांनी या तासालाही गुण द्यायचे ठरले. तोच प्रश्न मी परीक्षेत विचारला आणि पन्नास मुलांनी पन्नास वेळा लिहिले, "मी पैसे परत देईन." त्या पन्नास उत्तरांत एकही विचार नव्हता. नीतीचा तास गुणपत्रिकेत गेला की मुले शिक्षकाला हवे ते लिहू लागतात. आपल्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास आहेच. त्याला हा नियम लावावा असे मला वाटते.

आता दोषाविषयी, कारण केवळ स्तुती केली तर मी आपली फसवणूक केल्यासारखे होईल. जुन्या जेझुइट संहितेत असाही नियम होता की, वर्गात लॅटिनच बोलावे, मातृभाषा नको. अगदी खालच्या वर्गांना त्यात सूट होती आणि पाठाचा आशय तेथे मातृभाषेतही सांगितला जाई. परंतु धोरण लॅटिनचेच. १८३२ साली संहितेची सुधारणा झाली, तेव्हा मातृभाषांना, तसेच गणित आणि विज्ञानाला, अधिक जागा मिळाली. दोनशे तेहेतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांनी केलेली ही दुरुस्ती होती. आमच्या वर्गांत मात्र लॅटिनच्या जागी इंग्रजी आले होते आणि जुना नियम तसाच राहिला होता.

त्या नियमाची अंमलबजावणी मीही केली. सहावीत एक मुलगा दाखल झाला, तो आपल्याच शाळेतून आलेला. गणितात हुशार. दोनतृतीयांश आणि तीनचतुर्थांश यांची बेरीज मी फळ्यावर दिली. तो स्वतःशी पुटपुटत होता, "दोन छेद तीन, तीन छेद चार, लसावि बारा, आठ आणि नऊ, सतरा छेद बारा." उत्तर बरोबर होते आणि वर्गात सर्वांत आधी आले होते. मी त्याला उभे केले आणि म्हणाले, "इंग्रजीत सांग." त्याला सांगता आले नाही. मी पुढच्या मुलाकडे वळले. त्यानंतर सहामाही परीक्षेपर्यंत त्या मुलाने माझ्या तासाला तोंड उघडले नाही. ज्या शाळेत मी स्वतः 'छेद' हा शब्द शिकले, त्याच शाळेच्या मुलाला मी त्या शब्दाची लाज वाटायला लावली.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या होत्या. येथे येऊन त्या गुजराती शिकल्या होत्या. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी मला बोलावले आणि शांतपणे विचारले, "बाई, त्या मुलाला गणित येत नव्हते की इंग्रजी?" मी निरुत्तर झाले. त्यांनी सांगितले की, त्याला आधी त्याच्या भाषेत सांगू द्या, मग तेच तुम्ही इंग्रजीत सांगा, मग त्याला सांगू द्या. मी तसे केले, आणि केवळ त्याच्यासाठी नव्हे. 'छेद' म्हणजे कापणारा, भाकरीचे किती तुकडे केले ते सांगणारा आकडा; 'अंश' म्हणजे त्यातला आपल्या वाट्याचा भाग. मराठी शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो. इंग्रजी शब्दांमागचा अर्थ मुलाला शिकवावा लागतो. गुजराती मुलांनाही मी हे शब्द समजावून दिले, तेव्हा कित्येकांचे अपूर्णांकांचे भय गेले. दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा बोलू लागला, दोन्ही भाषांत.

कॅथलिक परंपरा मातृभाषेच्या विरोधात आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठी आपली मानली, तिच्यातून शाळा चालवल्या. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि आपल्या गुजरातेत तर फादर वालेस यांना कोण विसरेल? स्पेनमधून आलेला हा गणिताचा प्राध्यापक गुजराती शिकला, अहमदाबादला राहून त्या भाषेत लिहू लागला, आणि १९७८ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. बाहेरून आलेल्या माणसांनी आपल्या भाषांवर एवढा विश्वास टाकला; आपणच आपल्या भाषेविषयी साशंक का असावे?

पालकहो, हे मी कोणाला दोष देण्यासाठी बोलत नाही, कारण तो अधिकार मला नाही. माझा मुलगा मी त्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातला. शुल्कात सवलत होती, मी तेथेच होते, सोय होती. तो चांगला शिकला, चांगल्या पदावर आहे. पण मराठी पुस्तकाचे पान त्याला अडखळत वाचावे लागते. माझ्या सासूबाईंनी शेवटच्या आजारात त्याला लिहिलेले पत्र मी त्याला फोनवर वाचून दाखवले. सुखी संसारातले हे लहानसे उणे आहे. तरी ते मी निर्माण केले, हे मला माहीत आहे.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे, आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, व शक्यतो आठवीपर्यंत आणि त्यापुढेही, मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. तेव्हा आपण माध्यम बदलण्याआधी पद्धत बदलून पाहावी. आठवड्याला एक पान लेखन आणि त्याच आठवड्यात तपासणी. शनिवारी केवळ उजळणी. मूल्यशिक्षणाचा तास गुणांवाचून. प्रत्येक वर्गशिक्षकाकडे प्रत्येक मुलाची माहिती. आणि इंग्रजी उत्तम शिकवावे, त्यासाठी चांगला शिक्षक नेमावा. गणित व विज्ञानाच्या संज्ञा सहावीपासून दोन्ही भाषांत द्याव्यात, म्हणजे पुढे जाणाऱ्या मुलाला कोणासमोर गप्प उभे राहावे लागणार नाही. यांपैकी कशालाही मोठी इमारत लागत नाही. शिक्षकांचा वेळ मात्र लागतो, आणि त्या वेळेची किंमत संस्थेने व माजी विद्यार्थ्यांनी मिळून मोजली पाहिजे. वह्या तपासण्यासाठी एका जादा शिक्षकाचे वेतन आम्ही माजी विद्यार्थी उचलू शकतो; माझा वाटा मी आजच कार्यालयात देत आहे.

ज्या बडोदे संस्थानात महाराज सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेथे ही शाळा साठ वर्षे उभी आहे. तीन वर्षे ही पद्धत मनापासून चालवून पाहावी. त्यानंतरही मुले जाऊ लागली तर माध्यमाचा प्रश्न पुन्हा विचारात घ्यावा. तेव्हा माझा विरोध असणार नाही.