वृक्षतोड आणि मजूर



मी मजुरांच्या चळवळीतला माणूस. माझे शिक्षण सभांतून व मागून आणलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा झाडांविषयी बोलावयास हा का उभा राहिला, असे आपणांस वाटेल. परंतु झाडावर कुऱ्हाड चालविणारा हात बहुधा मजुराचा असतो, आणि सावली गेल्यावर पहिले ऊनही त्याच्याच डोक्यावर पडते.

देवगाव फाट्याच्या परिसरात अरण्य नाही. इकडची वृक्षसंपत्ती म्हणजे बांधावरचा लिंब, ओढ्याकाठची बाभूळ, गायरानातला पळस आणि रस्त्याकडेची चिंच व वड. ती का गेली? सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण त्या मोळीत बहुधा वाळल्या काटक्या असतात. दुष्काळी साली सावकाराचे देणे किंवा लेकीचे लग्न उभे राहिले म्हणजे शेतकरी बांधावरचे झाड व्यापाऱ्यास विकतो. ते वखारीत जाते, वीटभट्टीत जाते. रस्ते रुंद झाले, तेव्हा कडेची झाडे पडली. वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा कायदा आहे. परंतु कर्ज कायद्याला विचारून येत नाही.

आता परिणाम पाहा. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात व पाणी वरून वाहू लागते. झाड थेंबाचा मार सोसते, पालापाचोळा पाण्याचा वेग मोडतो, मुळे त्यास खाली वाट देतात. झाड गेले की तेच पाणी माती घेऊन दुधनेकडे धावते. विहिरीचा पाझर आटतो आणि धरणात गाळ साचतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याचा सारा दोष वृक्षतोडीवर टाकणे खरे होणार नाही. पाऊस हुकला होता. ऊस व विंधनविहिरी यांनीही पाणी ओढले होते. पण उघडी जमीन पडलेला पाऊसही राखत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा वाहून येऊन शेते सुपीक होतात, हे त्यांनी त्यात सांगितले. गायराने बळकावणाऱ्या जंगलखात्यास झोडपले. आणि पलटणीतल्या शिपायांकडून तालीबंधारे बांधून घ्यावेत, असेही सुचविले.

२०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. रोप लावण्यास एक दिवस पुरतो; जगविण्यास तीन उन्हाळे लागतात. म्हणून माझी मागणी अशी की, खड्ड्याची मजुरी द्याच, पण पाणी घालणाऱ्या व राखण करणाऱ्या माणसासही तीन वर्षे काम द्या. दुष्काळात मागेल त्याला काम, हा विचार याच महाराष्ट्रात वाढला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. तेव्हा ही मागणी अशक्य कोटीतली नाही. वेळेवर काम मिळाले, तर झाड विकण्याची पाळीही पुष्कळांवरून टळेल. गायरानातला पाला, शेंगा व वाळले सरपण यांवर राखणाऱ्यांचा हक्क ग्रामसभेने ठराव करून लिहून द्यावा.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. पण दांड्याला पोट नसते, मजुराला असते. त्याच्या पोटाची सोय झाडे राखण्यात झाली, तर तो कुऱ्हाड आपण होऊन खाली ठेवील. येत्या ग्रामसभेत हा ठराव आपण मांडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.