परतीचं तिकीट आणि २५० माणसं

आजचा भाग एका रेल्वे तिकिटापासून सुरू करते.

फ्रीमँटल ते पर्थ, आणि परत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला अगदी छोटा प्रवास, आपल्याकडे ठाण्याहून दादरला जाऊन यावं तसा. पण हे तिकीट सापडलं फ्रान्समध्ये, शेताखाली, एका सैनिकाच्या सांगाड्याजवळ. साल २००९. सैनिक तिथे पडून होता १९१६ पासून. घरी परत आल्यावर लागेल म्हणून त्याने ते जपलं असणार, असं मला आपलं वाटतं.

गावाचं नाव फ्रोमेल. उत्तर फ्रान्समध्ये आहे. पहिल्या महायुद्धात, १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी इथे ऑस्ट्रेलियन सैनिकांनी जर्मन खंदकांवर चाल केली. सोबत ब्रिटिश तुकडीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं संपलं होतं. एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. जागा मिळाली शून्य. लढाईबद्दल यापेक्षा जास्त सांगत नाही, कारण आजची गोष्ट तिच्यानंतरची आहे.

जे जर्मन खंदकांपर्यंत पोचले आणि तिथेच पडले, त्यांचं काय झालं? जर्मनांनी ते मृतदेह उचलले, खंदकातल्या छोट्या रुळांवरून मागे नेले आणि फेझंट वुड नावाच्या झाडीच्या कडेला मोठे खड्डे खणून पुरले. गळ्यातले ओळखीचे बिल्ले काढून ठेवले. ती माहिती रेडक्रॉसमार्फत पलीकडच्या बाजूला पोचलीही. म्हणजे अमुक माणूस मेला हे कळलं, पण तो कुठे आहे ते कळलं नाही. युद्ध संपल्यावर शोधपथकं त्या भागात फिरली, पण हे खड्डे त्यांच्या नजरेतून सुटले.

मग ८० वर्षं काहीच नाही.

इथे लॅम्बिस एंग्लेझोस येतात. मेलबर्नचे शाळामास्तर, चित्रकला शिकवणारे. इतिहासाची पदवी वगैरे नाही, पण या लढाईतून वाचलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांची ओळख होती. २००२ साली ते फ्रोमेलला गेले आणि त्यांनी साधी बेरीज-वजाबाकी केली. बेपत्ता किती, आणि आसपासच्या स्मशानांत 'अज्ञात ऑस्ट्रेलियन' म्हणून पुरलेले किती? आकडे जुळेनात. मग एवढी माणसं गेली कुठे? त्यांनी जुनी हवाई छायाचित्रं बघितली. त्यात झाडीच्या कडेला खड्डे दिसत होते, लढाईच्या आधी नसलेले. सरकारी तज्ज्ञांना बराच काळ हे पटलं नाही. पण मास्तर चिकट. पुढे जर्मनीतल्या जुन्या लष्करी कागदांत त्या खड्ड्यांचा हुकूमच सापडला, सुमारे ४०० मृतदेहांसाठी खणायचे म्हणून.

२००७ मध्ये त्या शेताची पाहणी झाली तेव्हा एक पदक मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या अल्बर्टन नावाच्या तालुक्याने आपल्या पोरांना निरोप देताना दिलेलं. २००८ ला चाचणीपुरतं खोदकाम झालं आणि २००९ ला पूर्ण. एकूण २५० जण मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, डीएनए काढायचा की झालं. मलाही असंच वाटायचं. पण डीएनएमध्ये नाव लिहिलेलं नसतं. तो फक्त जुळतो किंवा जुळत नाही. जुळवायला समोर कुणीतरी जिवंत माणूस लागतो. आणि ही मुलं विशी-पंचविशीत गेलेली. बहुतेकांची लग्नं झालेली नाहीत, मुलं नाहीत. आईवडील, भावंडं कधीच गेली. मग शोधायचं कुणाला?

डीएनएचा एक प्रकार फक्त आईकडून येतो, आणि मुली तो पुढे नेतात. त्यासाठी सैनिकाच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीची मुलगी चालेल, पण भावाची नात चालणार नाही. दुसरा प्रकार बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून तिथे भावाच्या मुलाचा मुलगा हवा. शक्यतो दोन्ही बाजू लागतात, कारण एकच बाजू जुळणारे परके लोक भरपूर असतात. त्याला उंची, वय, दात, जवळच्या वस्तू यांची जोड द्यायची. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी काम असतं वंशावळीचं. लग्नाच्या नोंदी, बाप्तिस्म्याच्या वह्या, देशांतराची कागदपत्रं. कुणाची बहीण लग्न होऊन स्कॉटलंडला गेली असेल, तर तिथे तिची नात शोधायची आणि तिला फोन करून सांगायचं, तुमच्या आजीचा एक भाऊ होता...

मार्च २०१० मध्ये पहिली ७५ नावं जाहीर झाली. त्या वर्षी तिथे या २५० जणांसाठी नवं स्मशान बांधलं, आणि शेवटच्या सैनिकाला लढाईच्याच तारखेला, १९ जुलैला, पुरलं. आजवर १७० हून जास्त जणांना नाव मिळालंय. काम अजून चालू आहे. एक नाव पक्कं झालं की 'अज्ञात' लिहिलेला दगड काढतात आणि नावाचा दगड बसवतात.

आता थोडं शेजारी जाऊ. फ्रोमेलपासून काही किलोमीटरवर नव्ह शापेल आहे. तिथे १९१४-१५ मध्ये भारतीय सैनिक लढले. आपल्या खडकीच्या, म्हणजे तेव्हाच्या किरकीच्या, सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथे जवळजवळ उद्ध्वस्त झाल्या. गावाबाहेरच्या स्मारकावर थडगं न मिळालेल्या ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं आहेत. त्याच परिसरात २०१६ साली खोदकामात दोन भारतीय सैनिक सापडले. खांद्यावरच्या पितळी अक्षरांमुळे ते ३९व्या गढवाल रायफल्सचे, एवढं कळलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतातून आलेल्या त्यांच्या रेजिमेंटच्या जवानांनी त्यांना लावांती इथे सन्मानाने निरोप दिला. पण नावाशिवाय.

मला वाटतं, फरक विज्ञानाचा नाही. फ्रोमेलला यादी होती, नोंदी होत्या, आणि शोधा म्हणणारं कुणीतरी होतं.

आपल्याकडे तर कित्येकदा यादीच नाही. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी तिकडे लढल्या, कूतच्या वेढ्यातही होत्या. त्या मोहिमेतल्या बेपत्तांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांचे पलटणीनुसार फक्त आकडे. २०२१ मध्ये युद्धथडगी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने आपल्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली.

हे सगळं तुमच्या-माझ्यापासून लांबचं वाटतं ना? मग एक करा. सातारा, रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडचे असाल, तर पुढच्या वेळी गावी गेलात की जुनी शाळा, चावडी, वेशीजवळची भिंत बघा. बऱ्याच गावांत एक पांढरा दगड असतो. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके मेले. तिथेही आकडेच. ते कोण होते हे घरातल्या कुणाला आठवत असेल, आजीला, चुलत आजोबांना, तर विचारून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. आणि दगडाचा फोटो काढून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आपण त्यातलीच एखादी शिळा घेऊ.