शहापूर : एक शेजार



शहापूर हे आज बेळगावचे उपनगर म्हणून ओळखले जाते. परंतु १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. काही पावलांवर राज्य बदलत असे. तरीही विणकर आणि व्यापारी यांची ये-जा अखंड चाले. शहापूर, वडगाव, खासबाग या वस्त्यांतील कित्येक संसार मागावरच्या लुगड्यांनी उभे केले. घरात कन्नड बोलणारा विणकर पेठेत सहज मराठी बोले.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५६ साली हा सारा परिसर म्हैसूर राज्यात गेला. आठ वर्षांत दोनदा राज्य बदलले, शेजार मात्र तोच राहिला. येथील मराठी माणसाच्या भाषिक हक्काचा प्रश्न खरा आहे आणि तो न्यायानेच सुटला पाहिजे. मात्र शेजाऱ्याच्या भाषेचा दुस्वास केल्याने तो सुटणार नाही.

यंत्रमाग आले, हातमाग मागे पडले. माग मोडीत निघाला की त्याचे शब्दही हरवतात. वृद्ध विणकर आहेत तोवर ते शब्द, मराठी असोत वा कन्नड, टिपून ठेवणे हे ग्रंथालयाचे पुढील शतकातील पहिले कार्य ठरावे.